पाणकराची झोप

दवाखान्यात नोकरी केलेल्या बाईकडून लोकांना दोनच प्रकारच्या गोष्टी ऐकायच्या असतात, बाळंतपणाच्या नाहीतर साप चावल्याच्या. दोन्ही मी पुष्कळ पाहिल्या आणि नातवंडांना सांगून सांगून त्या आता गुळगुळीत झाल्या आहेत. इथे मी झोपेबद्दल लिहिणार आहे. सबंध नोकरीत मी सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, "रात्री झोप लागते का?" त्यावरून माझी थट्टाही भरपूर झाली. पोट दुखतं म्हणून आलेला माणूस म्हणायचा, "बाई, मी पोट दाखवाले आलो, तुमी झोपेवर कायले जाऊन राहिल्या?" पण मला तो प्रश्न माझ्या पहिल्या डॉक्टरांनी लावून दिला होता आणि तो मी शेवटपर्यंत सोडला नाही.

सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून पुढची बरीच वर्षं मी मोहाडी भागातल्या एका सरकारी दवाखान्यात परिचारिका होते. त्या काळी मधुमेह हा शब्द आमच्या केसपेपरवरच असायचा. साखरेचा आजार शहरात बसून खाणाऱ्यांना होतो, चिखलात उभं राहून धानाचा रोवणा करणाऱ्याला तो कशाला होईल, अशी सगळ्यांची पक्की समजूत. त्यामुळे आजाराचं नाव घेऊन कोणी यायचंच नाही. यायचे ते "झोप येत नाही" म्हणून, आणि तेही आधी सगळे उपाय करून थकल्यावर. बपेऱ्याकडची एक म्हातारी मला आठवते. तिनं खाटेच्या चारही दिशा बदलून पाहिल्या, उशाला विळा ठेवला, शेवटी घरच सोडलं आणि मोहाडीला लेकीकडे येऊन राहिली. मला म्हणाली, "घर सोडलं बाई, पन झोप काई मागून आली नाई." तिच्या खाटेखाली पाण्याची घागर असायची आणि ती रात्रीतून रिकामी व्हायची, हे लेकीनं सहज बोलता बोलता सांगितलं. आजार त्या घागरीत होता.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. रक्तातली साखर वाढली की शरीर ती लघवीवाटे बाहेर टाकायला बघतं. माणूस सारखा उठतो, तहान लागते, पाणी पितो, पुन्हा उठतो. असं वर्षानुवर्षं चाललं की पायांच्या नसा बिघडतात. मग तळपायांची आग होते आणि ती नेमकी अंथरुणावर पडल्यावर जास्त होते. उलट औषध जास्त झालं आणि साखर एकदम उतरली तरीही झोप मोडते. अंग घामानं चिंब, छाती धडधडते, भलतीसलती स्वप्नं पडतात आणि घरच्यांना वाटतं, बाहेरचं काही लागलं. साखर झोपेला सगळीकडून कुरतडते आणि झोप मोडली की साखर आणखी बिघडते.

तपासणी अगदी साधी होती. लॅबवाले रोज येत नसत, म्हणून आम्ही नर्साच ती करायचो. काचेच्या नळीत निळं रसायन घ्यायचं, त्यात लघवीचे थोडे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं, नारिंगी झालं तर जास्त, आणि शेवटी विटेसारखा लाल गाळ बसला की समजायचं, हा माणूस आपल्या पायानं चालत आला हेच नवल.

दसारामजींची नळी विटेसारखी लाल झाली होती.

ते स्वतःसाठी आलेच नव्हते. बाजाराचा दिवस होता आणि ते बायकोला, भागरताबाईला, ताप आहे म्हणून घेऊन आले होते. उंच, सडसडीत माणूस, खांद्यावर दुपट्टा, हातात गुळगुळीत झालेली बांबूची काठी. मी भागरताबाईची नाडी बघता बघता सवयीनं तिच्या नवऱ्याला विचारलं, झोप कशी आहे म्हणून. ती तापातही हसली. "यायले झोपेचं विचारू नका बाई. हे बारा महिने जागेच रायतेत."

"रात्री किती वेळा उठता हो?" मी विचारलं.

"उठाले आदी झोपाव लागते ना बाई," दसारामजी म्हणाले. आणि असं म्हणाले की जणू मी त्यांच्या छातीवरच्या बिल्ल्याची चौकशी केली होती. "मी पाणकर आहो जी. पाणकराले झोप कायची?"

आमच्याकडे धान पिकतो तो तलावावर. गावाच्या वरच्या अंगाला तलाव असतो आणि त्याखाली उतरत गेलेल्या बांध्या, म्हणजे धानाचे बांध घातलेले तुकडे. तलावाच्या पाळीत, म्हणजे मातीच्या बांधात, पाणी सोडायचं तोंड असतं, त्याला तुडूम म्हणतात. पावसानं ओढ दिली आणि धान गर्भात असला की तुडूम उघडून पाटानं एकेका घरच्या बांधीला पाळीपाळीनं पाणी द्यायचं, हे पाणकराचं काम. पाणी रात्री थांबत नाही, त्यामुळे पाणकरालाही थांबता येत नाही. तुडुमाजवळच्या बांध्यांना पाणी सहज मिळतं. खरा प्रश्न टोकाच्या बांध्यांचा. अंधारात कोणी मधेच पाट फोडून आपल्याकडे वळवला की टोकाला थेंब पोचत नाही आणि पोटात दाणा धरलेला धान उभ्याउभ्या पांढरा पडतो. म्हणून गावाला पाणकर हवा असतो तो न झोपणारा आणि कोणाच्याही बाजूचा नसलेला. पिंपळटोल्याच्या दसारामजींची ख्याती दोन्ही बाबतींत पंचक्रोशीत होती.

मी त्यांना लाल झालेली नळी दाखवली. ते म्हणाले, "रंग चांगला हाये."

आमचे तेव्हाचे डॉक्टर साताऱ्याकडचे, तरुण, मनानं फार चांगले. त्यांनी खुर्ची पुढे ओढून दसारामजींना आजार समजावून सांगितला. रात्रीची जाग हे त्याचंच लक्षण आहे, औषधानं झोप परत येईल, असंही सांगितलं. हे त्यांनी आनंदाची बातमी म्हणून सांगितलं होतं. दसारामजींनी हात जोडले. "साहेब, हे रोग नोहे. हे देवानं देल्लं हाये मले. ते काढून नका घेऊ."

मग त्यांनी आपल्या वडिलांचं सांगितलं. वडीलही पाणकर होते. एका वर्षी धान गर्भात असताना ते पाळीवर बसल्या बसल्या झोपले. त्याच रात्री वरच्या कोणीतरी पाट फोडला आणि टोकाच्या दोन घरांचा धान गेला. "त्या घरच्या लोकायनं माह्या बापाले शिवी देल्ली नाई, काईच म्हणलं नाई," दसारामजी म्हणाले. "शिवी देल्ली असती तं बरं झालं असतं. बाप मरेपर्यंत त्यायच्या अंगणातून गेला नाई. लांबच्या रस्त्यानं जाये. मी तवापासून झोपेले भेतो साहेब. जवानीत डोळ्याले पानी मारून मारून जागत होतो. आता तिनंच पिच्छा सोडला, तं तुमी म्हणता बोलवून आणतो."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. नोकरीत निद्रानाश झालेली माणसं मी ढिगानं पाहिली, पण तो जपून ठेवलेला माणूस हा पहिलाच. शेवटी भागरताबाईनंच "गोळ्या द्या जी, मी पाहतो" म्हणून कागद हातातून घेतला. आमच्याकडच्या बायका बोलतानाही "मी पाहतो" म्हणतात. साताऱ्याच्या डॉक्टरांना याची फार गंमत वाटायची, पण त्या दिवशी ते हसले नाहीत.

गोड बंद करा आणि भात कमी करा, असं सांगितलं होतं. आमच्याकडे जेवण म्हणजेच भात. तो कमी करा म्हटलं की माणसाला वाटतं, हे आपल्याला उपाशी मारायला निघाले. तरी भागरताबाईनं भात कमी केला. गोडाचं मात्र काही जमेना, आणि ते का जमेना हे मला लस टोचायला पिंपळटोल्याला गेले तेव्हा समजलं.

पाणी देण्याचे दिवस होते. तलावाच्या पाळीवर झाडाखाली दसारामजी बसले होते आणि समोर एक बाई चहाची कासंडी घेऊन उभी होती. काळा, गुळाचा, पाक झालेला चहा. मी ओरडलेच. ती बिचारी दचकली. ती गेल्यावर दसारामजींनी मला शांतपणे सगळा प्रकार सांगितला. ज्या घरची पाण्याची पाळी, त्या घरानं पाणकराला चहा पाठवायचा, असा गावचा रिवाज. रात्रभर जागायचं म्हणून गूळ सढळ हातानं. "एकाचा घेतला अना दुसऱ्याचा नाई, तं तो म्हनते, पाणकर माह्यावर नाराज हाये, माह्या बांधीले पानी कमी देईन. कोनाचाच नाई घेतला तं सारे म्हनतेत, यानं कोनाजवळून काई तरी दुसरं घेतलं. म्हनून मी साऱ्यायचा घेतो."

"बिनगुळाचा मागा की."

"फिका चहा? पाणकराले?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. पाण्याच्या पाळीला फिका चहा पाठवणारं घर त्या गावात तोंड दाखवू शकलं नसतं.

म्हणजे सगळं गाव प्रेमानं, मानानं त्या माणसाला रोज आजार पाजत होतं आणि तो न्यायानं, सगळ्यांचा सारखा पीत होता. मी आयुष्यात हट्टी रोगी पुष्कळ पाहिले. त्यांना दटावता येतं आणि दटावण्यात माझा हात कोणी धरला नसता. पण सरळ माणसाला त्याच्या सरळपणाबद्दल कसं दटावायचं हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

वाट काढली भागरताबाईनं. पाळीवर एक शेंदूर लावलेला दगड आहे, तलावाचा देव. तिनं त्याच्यासमोर नारळ फोडला आणि चारचौघींत जाहीर केलं की धान घरी येईपर्यंत आमच्या घरच्यांनी गोड सोडलं आहे, नवस बोलला आहे. नवसापुढे कोणाचा मान दुखावत नाही. दुसऱ्या दिवसापासून घराघरांतून फिका चहा यायला लागला, आणि तोही भक्तिभावानं. मी मनातल्या मनात त्या बाईच्या पाया पडले. इतकी वर्षं आम्ही पथ्याचे तक्ते भिंतींवर चिकटवत होतो, पण हे काही आम्हाला सुचलं नसतं.

गोळ्या आणि नवस यांचा गुण आला. नळीचा रंग लालावरून नारिंगीवर, मग पिवळ्यावर आणि एक दिवस हिरव्यावर उतरला. डॉक्टर खूश, मी खूश. दसारामजी काही बोलत नसत. नळीकडे बघायचे आणि काठी उचलून निघून जायचे. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण माणूस अबोल आहे असंच मी धरून चालले.

आणि मग कापणीला अजून बराच अवकाश असताना एका बाजाराच्या दिवशी भागरताबाई आली आणि माझ्या टेबलावर डबा ठेवला. आत खीर होती. "नवस फिटला," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. तिला न विचारता दसारामजींनी गावात सांगून टाकलं होतं की नवसाची मुदत संपली. मग काय विचारता! ज्या गावानं एवढे दिवस मन मारून फिका चहा पाठवला होता, त्यानं सगळी कसर भरून काढली. घरोघरी बोलावणी झाली. खीर झाली, अनरसे झाले, शेवया झाल्या. ज्या घरी बोलावलं त्या घरी ते गेले, कारण एकाकडे गेलं आणि दुसऱ्याकडे नाही हे त्यांना चालत नव्हतं.

ते पुढच्या खेपेला आले तेव्हा मी ताळतंत्र सोडून बोलले. माझी जीभ तिखट आहे, हे दवाखान्यात सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, झोप येऊन राहिली होती. गोड सोडल्यापासून डोळे जड होऊन राहिले होते. एका दिवशी पाळीवर बसलो अना डोळा लागला. उठलो तं पाट भरून वाहत होता, काई बिघडलं नव्हतं. पन मले बाप दिसला."

"तुमचं काही बरंवाईट झालं तर गाव काय करेल?"

"गाव दुसरा पाणकर पाहीन. पन मी झोपलो अना टोकाचा धान गेला, तं मी कोनत्या रस्त्यानं जाऊ?"

मी त्यांना राग राग करून गोळ्या दिल्या. त्या त्यांनी नेल्या. किती घेतल्या ते त्यांनाच ठाऊक.

पुढची काही वर्षं अशीच गेली. ते अधूनमधून येत. पायांची आग वाढली होती. रात्री अंथरुणावर पडणं त्यांना नकोसं व्हायचं, म्हणून ते तलावाच्या काठावर पाण्यात पाय सोडून बसत. पाण्यात आग थंड होते, असं म्हणत. अनवाणी जाऊ नका, पाय पाण्यात भिजत ठेवू नका, रोज तळवे बघत जा, हे मी दर वेळी सांगायचे आणि ते दर वेळी "हव जी" म्हणायचे. हा "हव जी" आमच्या भागात फार फसवा आहे. त्याचा अर्थ ऐकलं एवढाच असतो.

आणि एका आश्विनात ते दोघं भर दुपारी दवाखान्यात आले. दसारामजींचा चेहरा उतरलेला होता. बाकावर बसायच्या आधीच म्हणाले, "बाई, इलाज करा. झोप लागून राहिली."

मला खरं सांगायचं तर हसू फुटलं. एवढ्या वर्षांत झोप येते अशी तक्रार घेऊन कोणी आलं नव्हतं. डॉक्टरही हसले. "गोळ्या नेमानं घेताय वाटतं?"

"नाई जी."

"गोड सोडलंत?"

"नाई."

"मग पायांची आग?"

"ते तं गेली साहेब. पाय आता मस्त थंड झाले. त्याच्यानंच झोप लागते. आदी आगीनं जागा रायत होतो."

डॉक्टरांचं हसू तिथेच मावळलं. ते खुर्चीवरून उठले आणि फरशीवर बसले. दसारामजी "नका साहेब, नका" म्हणत होते, तरी डॉक्टरांनी त्यांचा पाय मांडीवर घेतला. टाचणीनं तळव्याला ठिकठिकाणी टोचलं. दसारामजी छताकडे बघत होते. त्यांना कळलंही नाही. मग डॉक्टरांनी बोटांच्या मधली जागा उघडली आणि मला चिमटा मागितला. तलावातल्या शिंपल्याचा तुकडा निघाला. किती दिवसांचा होता देव जाणे. त्याच्याभोवतीचं मांस काळं पडलं होतं आणि काळेपणा घोट्याकडे सरकायला लागला होता.

आग होत होती तोवर नसा निदान जिवंत होत्या. आग थांबली ती बरी होऊन नव्हे, नसा मेल्या म्हणून. झोप आली ती त्यामुळे. माणसाला बरं वाटलं की आपण म्हणतो, चला, सुटलो. या आजारात कधीकधी बरं वाटणं हीच वाईट बातमी असते, आणि ती सांगायची वेळ फार कठीण. मी पट्टी बांधत होते आणि मला रडू येत होतं. सांगायला लाज वाटत नाही.

डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. आजच्या आज नागपूरला जायला हवं. पाय राहील असं वाटत नाही, उशीर केला तर जीवही राहणार नाही.

दसारामजी म्हणाले, "धान निसवून राहिला साहेब. पानी आलं नाई वरून. टोकाची पाळी झाली का मी येतो."

"तोवर तुम्ही नसाल," डॉक्टर म्हणाले.

"मंग टोकाले पानी कोन देईन?"

तेवढ्यात भागरताबाई बोलली. ती इतका वेळ भिंतीशी उभी होती. "मी देईन."

"तुले का समजते त्याच्यातलं?"

"समजते." ती पुढे आली आणि पहिल्यांदाच मी तिला नवऱ्याच्या डोळ्याला डोळा देऊन बोलताना बघितलं. "तुमी जागत होते तवा मी का झोपली होती? लग्न होऊन आली तवापासून मी बी जागीच हाये. तुमी पाळीवरून खोकलले का मी घरातून आयकतो. खोकलले नाई का उठून दारात येतो. कोनाची पाळी कवा सुरू झाली, पाट कोन फोडते, सारं मलेबी माहीत हाये. तुमाले एका दिवशी डोळा लागला होता ना पाळीवर? तवा पाट कोनं पाहिला होता?"

दसारामजी तिच्याकडे बघतच राहिले. त्यांचं तोंड थोडं उघडं होतं. मग त्यांनी आपली काठी उचलली आणि तिच्या हातात दिली. त्या माणसाला मी काठीशिवाय कधी बघितलं नव्हतं.

धाकट्या भावाबरोबर ते संध्याकाळच्या आत नागपूरला रवाना झाले. भागरताबाई नवऱ्याबरोबर गेली नाही. ती पिंपळटोल्याच्या रस्त्याला लागली, काठी घेऊन. जाताना वळूनही बघितलं नाही. मला तेव्हा ते कठोर वाटलं होतं.

पुढचं मला टोकाच्या बांधीच्या एका बाईनं बाजारात सांगितलं. बाईमाणूस तुडुमावर बसलं म्हणून पहिल्या दिवशी चार बाप्ये पाळीवर येऊन बडबडले. भागरताबाईनं त्यांना कोणत्या वर्षी कोणी कुठे पाट फोडला होता ते नावानिशी ऐकवलं. बाप्ये उठून गेले. मग रिवाजाप्रमाणे त्या दिवशीच्या पाळीच्या घरून गुळाचा चहा आला आणि तिनं तो घेतला. दुसऱ्या घरचाही घेतला. टोकापर्यंत पाणी पोचलं आणि धान भरला.

दसारामजींचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. थंडीत ते परत आले, काखेत कुबड्या. साखर आता इन्सुलिनवर होती. आमच्याकडे तेव्हा घरोघरी फ्रिज कुठले? मी भागरताबाईला इन्सुलिनची बाटली माठाखालच्या ओल्या रेतीत कशी ठेवायची, काचेची सिरिंज कशी उकळायची, ते शिकवलं. ती एकदा बघूनच शिकली. दसारामजी बाकावर बसून हे सगळं बघत होते. मी त्यांना नेहमीचा प्रश्न विचारला.

ते म्हणाले, "बाई, एक विचारू का? पाय तं नागपूरले राहिला. मंग जळते कोन?"

काढून टाकलेल्या पायाचं दुखणं कधीकधी मागे राहतं. नसांना पाय गेल्याचं कळत नाही. डॉक्टरांनी तसं समजावलं आणि म्हणाले की यावर देण्यासारखं थोडंफार औषध आहे, रात्री जरा स्वस्थता वाटेल. दसारामजींनी मान हलवली. "राहू द्या साहेब. सध्या राहू द्या." मी मनाशी म्हटलं, आला पुन्हा जुन्या वळणावर. पाय गेला तरी हट्ट जाईना. तेव्हा दुखणं गोंजारत बसणाऱ्या माणसाचा मला राग आला होता.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला मी पिंपळटोल्याला गेले. त्या दिवशी जोखायचं होतं की इन्सुलिन नीट चाललं आहे की नाही, म्हणून नळी, स्पिरिटचा दिवा, सगळं पिशवीत घेतलं होतं. दुपार होती. तलावाचं पाणी आटून मध्यावर गेलेलं, बांध्या उघड्या पडलेल्या, गावात सामसूम. दसारामजी ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते. कुबड्या बाजूला, हातात ताडाचा पंखा. मी अंगणातूनच आवाज दिला, "काय दसारामजी, झोप लागते का?"

त्यांनी घाईघाईनं बोट ओठांवर ठेवलं.

त्यांच्या मागे, सावलीत, सतरंजीवर भागरताबाई झोपली होती. एक हात डोक्याखाली, तोंड जरासं उघडं, अशी गाढ की कपाळावर बसलेली माशीही तिला कळत नव्हती. दसारामजींनी पंख्यानं ती हळूच उडवली.

"हळू बोला बाई," ते कुजबुजले. "आता रात्री बी अशीच झोपते. मी सांगितलं तिले, मी जागाच हाये, पाय झोपू देत नाई. तू झोप." मग माझ्या हातातल्या पिशवीकडे बघून त्यांनी मान हलवली. "ते पायाच्या आगीचं औषध आत्ता नका देऊ मले. तिची झोप पुरी होऊ द्या आदी."

मी पिशवी उघडली नाही. अंगणातल्या दगडावर ती उठेपर्यंत बसून राहिले.